चढावरची कॉफी

—बसा ना काका, सरकतो मी. थांबा, पुसू द्या, ओलं आहे, माझाच घाम आहे. तुमची बस? ती कुठली आता, रस्ते बंद आहेत ना, अर्धं अम्मान आज आम्हाला शिव्या घालत चालतंय. बरोबरच आहे म्हणा, शुक्रवारी सकाळी झोपायचं सोडून हजारभर येडे चड्ड्या घालून पळतायत. हे पदक? हे सगळ्यांनाच देतात हो, जो पोचतो त्याला. त्या बाईंनाही दिलंय बघा, त्या चालत आल्या, मध्ये उभं राहून काकडी खाल्ली त्यांनी, मी बघितलं. त्यामुळे अभिनंदन वगैरे नको. माझा आज पार बट्ट्याबोळ झालाय.

दहा किलोमीटर, आणि मला पन्नास मिनिटांच्या आत यायचं होतं. आजवर एकाही शर्यतीत आलेलो नाही, दर वेळी थोडक्यात राहतं. हिवाळाभर पळालो, पहाटे, थंडीत, कुनाफा सोडला— हसू नका, मी मिठाईच्या दुकानाच्या वरच राहतो, तुपाचा वास थेट उशाशी येतो. आणि पन्नासच का? कारण मी बोलून बसलो होतो. आईला, आमच्या पळणाऱ्या टोळक्याला, मोबाइलच्या दुकानात मालकाला, सगळ्यांना— की ज्या दिवशी कुतैबा पन्नासच्या आत येईल त्या दिवशी तो शुरूकच्या घरी मागणी घालायला माणसं पाठवेल. कुतैबा म्हणजे मी. शुरूक म्हणजे... आता तुम्ही अनोळखी आहात म्हणून सांगतो. आमच्याच टोळक्यातली, शाळेत रसायन शिकवते, माझ्यापेक्षा कितीतरी जोरात पळते. दोन वर्षं झाली याला. आधी तिला माझ्या पन्नासची गंमत वाटायची. मग माझ्यासाठी हळू पळायला लागली, शेजारून, गती सांगत. हल्ली काही विचारतच नाही. आई म्हणते, तुला बायको त्या मुलीला करायचंय की घड्याळाला, एकदा ठरव.

आज मात्र जमत होतं काका, आईशप्पथ. बाजारातला उतार मी असा उतरलो— पाय माझे नव्हतेच. घड्याळ बघतोय तर चक्क पुढे आहे मी, थोडा नाही, चांगला पुढे. मग लुवैबदेचा चढ. त्या चढावर, अर्ध्यात, शुरूकचं घर. आणि दरवर्षीप्रमाणे घराबाहेर खुर्ची टाकून तिचे वडील, अबू मुराद, हातात पितळेची ती चोचवाली किटली, शेजारी तीन-चार म्हातारे, आणि पळणाऱ्यांना कॉफी देतायत. कडू, उकळती, वेलदोड्याची. पळणाऱ्या माणसाला! पाणी द्या ना, संत्रं द्या. पण नाही, दारावरून पाहुणा चाललाय तर कॉफीच. बाकीचे छातीवर हात ठेवून पुढे जातात, कोणी मनावर घेत नाही. मीही गेलो असतो. पण त्यांनी मला नावाने हाक मारली आणि कप पुढे केला. आता त्यांना कसं नाही म्हणू? दुसरं कोणीही चालेल, त्यांना कसं म्हणू?

घेतला. ओठाला लावला तर चटका बसला, छाती भात्यासारखी चाललेली, मनात म्हटलं, हातात घेतला ना, मान राखला, झालं. आणि तो भरलेला कप त्यांच्यासमोर भिंतीवर ठेवून दिला.

हो ना? तुमचाही चेहरा तसाच झाला बघा. त्या म्हाताऱ्यांचाही झाला. यजमानासमोर कॉफी न पिता खाली ठेवायची म्हणजे काय, ते इथे शाळेतलं पोरही सांगेल— माझं तुमच्याकडे मागणं आहे, ते मान्य करा, मग पिईन. लग्नं अशी ठरतात, खुनाची वैरं अशी मिटतात, आणि मी चड्डीवर, छातीवर नंबर टाचलेला, धापा टाकत ठेवला कप. माझ्या डोक्यात यातलं काही म्हणजे काही नव्हतं. पण म्हातारे सावरून बसले. एकाने तर सिगारेट विझवली. अबू मुरादांनी किटली खाली ठेवली, उठले, कोटाची बटणं लावली— बटणं, काका— आणि म्हणाले,

"बोल बाळा. काय मागायला आलास?"

घड्याळ चालू आहे. लोक शेजारून पळतायत. आणि मला तोंड उघडून चार शब्द बोलायचेत, बास, चार शब्द. मी काय म्हणालो असेन?

"पाणी."

म्हातारे असे हसले, असे हसले की एकाची कवळी हलली. अबू मुराद नाही हसले. आत गेले, पाणी आणलं, स्वतःच्या हाताने मला दिलं आणि म्हणाले, आता कॉफी पी, तुझं मागणं पुरं झालं. मग प्यायलो. काय करणार, मागितलं ते मिळालं होतं. आणि वळतो तर शुरूक. बाकीच्या मुलींचे नंबर टाचून देता देता तिला निघायलाच उशीर झाला होता, तरी चढावर मला गाठलंच. थांबली नाही. शेजारून जाता जाता, दमसुद्धा लागलेला नाही तिला, म्हणाली,

"दोन वर्षं, कुतैबा. आणि पाणी."

पुढचं काय सांगू. गेली किती, दोन मिनिटं गेली असतील तिथे, उताराला काढता आली असती भरून, पण पाय उचलेचनात. ती काकडीवाली बाई माझ्यापुढे निघून गेली, यात सगळं आलं. छप्पन मिनिटं. पहिल्या वर्षी पळालो तेव्हासुद्धा इतका वाईट आलो नव्हतो. टोळक्यातले म्हणतात, पुढच्या वेळी, रमजाननंतर एक आहे शर्यत, सपाट आहे, नक्की होईल. हो, होईल की. झालंच आहे ते— म्हणजे... जाऊ द्या. काही नाही. अहो, एकदा सरावात, एकटाच होतो, विमानतळाच्या रस्त्याला, आलो होतो पन्नासच्या आत. आरामात आलो होतो. घड्याळात बघितलं आणि तिथेच रस्त्याच्या कडेला बसून पुसून टाकलं ते. कोणाला बोललो नाही. तुम्हीही बोलू नका.

कारण मग माणसं पाठवावी लागली असती ना! आणि कुठून आणू मी माणसं? लोक चाळीस-पन्नास पुरुष घेऊन जातात, पुढे बोलायला एक पांढऱ्या मिशांचा, वजनदार. माझे वडील नाहीत. चुलते कुवेतला, ते ईदला फोनसुद्धा मीच करेपर्यंत करत नाहीत. दुकानाचा मालक आहे, त्याला गिऱ्हाईकाने आवाज चढवला तरी घाम फुटतो. त्या भरल्या दिवाणखान्यात मी एकटा बसणार, आणि अबू मुराद मागे बघणार की बाकीचे कुठायत. त्यापेक्षा पळणं सोपं, काका. पळताना एकटा असला तरी कोणी विचारत नाही.

एक मिनिट हं, फोन. शुरूक. आता काय, पाणी पाठवू का विचारत असेल.

...

मेसेज आहे, सांगतो. नाही, वाचतोच. "बाबा अजून बाहेरच बसलेत. नवा कप भरून भिंतीवर ठेवलाय आणि कोणाला हात लावू देत नाहीत. म्हणतात, तो पोरगा पाणी मागायला आला नव्हता."

काका.

काका, तुम्हाला नमाजाला अजून वेळ आहे ना? म्हणजे कोट आहे तुमचा, माळ आहे हातात, मिशा तर— नाही, ऐका तर. तो चढ इथून पायऱ्यांनी दहा मिनिटं. तुम्हाला माझं काहीच माहीत नाही? अहो, इतका वेळ दुसरं काय सांगतोय मी, माझ्या चुलत्यांना नसेल इतकं माहीत आहे तुम्हाला. आणि बोलायचं वगैरे काही नाही. बोलणार मी. खरंच, या वेळी मीच बोलणार. तुम्ही नुसते शेजारी बसा, आत्ता बसलात ना, अगदी तसेच. तुमच्यासारखं गप्प बसणारा माणूस मी जन्मात पाहिलेला नाही.

उठलात? देवा. हात द्या, इकडून, कठडा धरा. हळू, हळू, घाई नाहीये. हा नंबर काढू का? राहू दे? बरं, राहू दे. ही वळणाची शेवटची पायरी, आणि मग डावीकडे निळं दार— बसलेत. बघितलं आपल्याला त्यांनी. उभे राहतायत, काका, बटणं लावतायत.

आता तुमच्याशी बडबड बंद. आता त्यांच्याशी बोलतो.