एकही मतदान चुकवलं नाही

बंगळूरमधल्या हेब्बाळच्या दवाखान्यात शाल्मली टोकन घेऊन बसली होती. पुण्याहून येऊन तिला तीनच महिने झाले होते, त्यामुळे शेजारी कानडी मिसळलेलं का होईना, मराठी ऐकू येताच तिने मोबाइल खाली ठेवला. प्रचाराला निघालेले आमदार प्रवीणकुमार शेजारच्या सुनंदाबाईंना पत्रक देत होते.

“अक्का, हे स्वल्प वाचा. पाच वर्षांत विधानसभेतलं एकही मतदान चुकवलं नाही मी.”

“तळ्याकाठी बांधकामाला परवानगी देणारं बिल आलं, तेव्हाही होतात?”

“होतो की! बेळगावच्या अधिवेशनात. चांगला विरोधात हात वर केला.”

“कोणत्या तारखेला?”

“अठरा डिसेंबर. सकाळी अकराला.”

“अठराला तर आमच्या नातीचं बारसं होतं. पाळण्याला पहिला झोका तुम्हीच दिलात. फोटो लावलाय हॉलमध्ये.”

“ते... संध्याकाळी असेल.”

“सकाळीच. तीन पुरणपोळ्या खाल्ल्यात आणि चौथी बांधून नेलीत.”

शाल्मली पर्समध्ये उगाच काहीतरी शोधू लागली.

“अहो अक्का, चार वेळा फोन तुम्हीच केलात! नसतो आलो तर?”

“तर या जन्मात तुमचं तोंड पाहिलं नसतं.”

“मग माझं चुकलं कुठे?”

“खिडकीतून तळं दिसायचं मला. आता बिल्डरचे पत्रे दिसतात.”

“सरी, सरी, बरं. झालं ते झालं. पण मत मलाच देणार ना?”

“देईन की. त्या दिवशी कुणाचं बारसं नसलं तर.”