चार वाजताचा गजर

...अन् वरून मलेच म्हने, ‘मी घड्याळासाठी जातो!’ आता तुमीच सांगा, अशा मानसाले काय म्हनाव? आमच्या वलगावचा जानराव हो, माह्या शेजारचा, झेंडूवाला. फुलं इकाले अकोल्याले जाते अन् येतानी जुन्या बाजारातून चाबीचं घड्याळ घेऊन येते. साधं नाई! एकात तारीख, एकात चंद्र... अमोश्या-पुनव दाखोते म्हने. अरे, आभाळ काय बंद पडलं काय?

पन गजरवालं मनगटी घड्याळ त्याच्यापाशी नोतं. ते त्याच्या दोस्ताच्या, पंजाबरावच्या हातात. दोन चाब्या, एक वेळेची, एक गजराची, अन् वाजलं का बाटलीत गोमाशी कोंडल्यावानी. जानरावनं किती इनवन्या केल्या! पंजाबराव म्हने, मी मेलो का तुयंच, तोवर पाहून घे.

मंग पंजाबराव अंथरुनाले खिळला. बोटात जोर नाई, तं जानराव रोज सकाळी जाऊन दोन्ही चाब्या भरे, गजर चारवर लावे, चारले पुन्हा हजर... गोळी चारे, धोतर बदले, लाळ पुसे. मी म्हटलं, लय जीव लावून राहिला रे? तं म्हने, ‘छे! घड्याळासाठी जातो.’

अन् तुमाले सांगतो, एक दिवस सकाळीच पंजाबराव गेला. जानराव मुर्द्यापाशी बसला अन् सवयीनं... थंड्या हातावरच्या दोन्ही चाब्या भरल्या. पंजाबरावची बायको मनकर्णाबाई म्हने, घड्याळ हातातच राहू द्या, जीव अडकला तं पिंडाले कावळा शिवनार नाई. पन पंजाबरावनं देलेल्या शब्दाचं जानरावनं नावबी काढलं नाई.

मोक्षधामात लाकडं रचली, पोरगा मनोज अग्नी द्यायले सामोर झाला, अन् लाकडातून गजर! मानसं पळाली ना बाप्पा! गावातला पुंजाजी तं चप्पल सोडून... फक्त जानराव जवळ गेला, वाकला, अन् म्हने, ‘पंजाबराव, गोळी घे.’

मनोज रडत म्हने, ‘काका, काढू का? बाबानं तुमालेच कबूल केलं होतं.’ नुसता हात पुढं केला असता तं भेटत होतं! पन हा म्हने, ‘राहू दे. चाबी भरेल हाय.’ अन् हाच म्हनत होता ना, घड्याळासाठी जातो?

जळलं ते. संपलं ना मंग? तरी हा रोज चारले पंजाबरावच्या ओट्यावर! मनकर्णाबाई च्या देते. काल मी चिडलो, अरे, मानूसबी गेला, घड्याळबी गेलं, आता काहून जातं रे?

तं म्हने... ‘घड्याळासाठी जातो.’