हुरड्याचा धूर

सासुरवाडीत रडणारा जावई कुणी बघितलाय? मी बघितलाय. माझ्या धाकट्या बहिणीला, शांतीला, पहिल्यांदा सासरी न्यायला तिचा नवरा आला, म्हणून वडिलांनी रानात हुरडा केला. गार वारं असं सुटलं की आगटीतल्या गोवऱ्या पेटेनात. तो अबोल माणूस उठला आणि घोंगडी आडवी धरून उभा राहिला. गोवऱ्या पेटल्या, पण धूर उलटून त्याच्याच डोळ्यांत गेला.

आत्या म्हणाली, "अगं बया, लेक जाताना आमी रडायचं, हितं जावईच रडतोय की!"

तो डोळे पुसत म्हणाला, "तिच्या वाटणीचंबी मीच रडून घेतो, आत्याबाई."

सकाळपासून मुसमुसणाऱ्या शांतीनं गरम कणीस तळहातावर चोळलं आणि आईला हळूच म्हणाली, "हा हुरडा त्यांना दे."