खडीवरची प्रार्थना

माझं नाव मार्था. पन गावात मला मार्था कुनी म्हनत न्हाई, पाद्रीन म्हनत्यात. मी कुठली पाद्रीन, काष्टीच्या अलीकडं दुस्काळी तलावाचं काम निघालंय तिथं खडी फोडते मी. आमच्यात पयला किरिस्ताव झाला माझा आजा. का झाला, तर मिशनचा पाळक आमच्या वस्तीत आला, आज्याच्या उंबऱ्यात बसला आन् त्याच्या हातचं पानी प्याला. आज्याच्या हातचं पानी तवा कुनी पीत नव्हतं. एवढंच. पन लोक म्हनत्यात, तुमी मिशनच्या दुधाच्या पावडरीसाठी बाटला. आवो, पावडर आली लई मागून, आजा तवर मरून बी गेल्ता. आन् आता औंदा सारं गाव अमेरिकेची लाल मिलो जवारी खातंय, मग त्येंचा धरम कुठं गेला? हे म्या एकदा इचारलं, तर म्हनले पाद्रीनीला लई तोंड फुटलं.

काय सांगू तुमाला, परके हसत्यात ते येगळं, घरचे बी हसत्यात. माझा धाकला दीर बौद्ध झाला. त्यो म्हनतो, वैनी, तुमी येशू धरला तरी गावाच्या लेखी तुमी जिथल्या तिथंच. त्यो खोटं बोलत न्हाई. पन गावासाठी धरलाच न्हाई ना म्या येशू. माझी थोरली पोर गोवरानं गेली तवा त्याचं नाव घेऊन उभी राहिले मी, ते आता कसं सोडू?

खडीवर दुपारी भाकरीचं फडकं सोडलं की मी डोळे मिटून देवाचे उपकार मानते. शेजारी गिरजाबाई बसते, चांगली जमीनवाल्या घरची सून, पन दुस्काळानं तिच्या बी हातात हातोडा दिला. ती रोज म्हनायची, तुज्या येशूला म्हनावं एक ढग तरी धाड. बाया हसायच्या. मी आपली भाकरी खायचे.

पन याकोबचं लागलं मला. याकोब म्हंजी आमचे मालक. आमच्या येशूच्या देवळात ढोलकी त्येंचीच, आवाज त्येंचाच. खडीवर गड्यांनी त्येंना जवळ बसवलं, तंबाखू दिली, आन् ह्येंचं रविवारचं देऊळ सुटलं. एक दिवस मी पानी घिऊन आले, तर हे ढिगावर गुडघे टेकून, डोक्यावर टावेलाचा पदर घिऊन, माझ्या आवाजात म्हनत हुते, हे बापा, गिरजाबाईचा घाम कमी कर, आमेन. समदी हसत हुती, आन् सगळ्यात जास्ती हे सोता. मला बगितलं तसं त्येंचं हसू गळालं.

म्या हंडा खाली ठिवला. म्हनलं, ह्यांनी प्रार्थना अर्धीच म्हनली, उरल्याली मी म्हनते. आन् तिथंच उन्हात गुडघे टेकून मोठ्यानं म्हनली. गिरजाबाईचं पोर तापानं फनफनलं हुतं, त्याला बरं कर म्हनलं. मुकादमाला बरी बुद्धी दे म्हनलं. पाऊस दे म्हनलं. शेवटी म्हनलं, बापा, ह्या मानसाला चार लोकात बसायची लई हौस हाय, त्याचा राग तू धरू नको. मी धरलाय तेवढा पुरे हाय.

मग मागनं कुनीतरी फिसकन हसलं आन् हातोडे परत सुरू झाले.

चमत्कार काय झाला न्हाई. पोर बरं झालं, पन नर्सबाईच्या सुईनं. गिरजाबाई अजून ढग मागते. पाऊस अजून न्हाई. मी बी देवावर चिडते, म्हनते, माझ्या बाजूनं एकदा तरी बोल की. त्यो बोलत न्हाई. रविवारी देवळात आमी तीन म्हाताऱ्या असतो, ढोलकी खुंटीला. मालक येत न्हाईत. फकस्त दुपारी मी डोळे मिटले की त्येंचा हातोडा थांबतो. हात जोडत न्हाईत, निस्ता हातोडा थांबतो.

तुमी एवढं बसून ऐकलं. देव तुमचं बरं करो. मागं जाऊन हसला, तरी करो.