हेच तीन विषय का

आजच्या समारंभाच्या अध्यक्ष आणि आपल्या विद्यापीठाच्या अधिष्ठाता डॉ. मॉइरा हॅलोरन, व्यासपीठावर बसलेले भूगोल विभागाचे प्राध्यापक रीड, ज्यांच्या निवृत्तीनिमित्त आपण सगळे जमलो आहोत त्या सत्कारमूर्ती ऑडेट टीबो बाई, बाईंचे आजी-माजी विद्यार्थी, कार्यालयातले सहकारी, आणि शेवटच्या रांगेत अंगावरचे कोट न काढता बसलेले माझे रस्ते खात्यातले मित्र, सर्वांना माझा नमस्कार.

माझं नाव व्हर्नर कांगास. वय एकसष्ट. चौतीस वर्षं मी काउंटीच्या रस्ते खात्यात होतो. उन्हाळ्यात रस्त्यांची मोजणी करायची आणि हिवाळ्यात रस्त्यावरचा बर्फ बाजूला सारणारा नांगर चालवायचा. सध्या मी तुमच्या विद्यापीठात तिसऱ्या वर्षाला आहे. आमची पदवी आंतरविद्याशाखीय अभ्यासाची. हा शब्द नीट उच्चारता यावा म्हणून मी आज सकाळी दाढी करताना तो सात-आठ वेळा म्हणून पाहिला. माझी मेहुणी इर्या समोर बसली आहे, तिला तो अजून येत नाही. तिनं मला विचारलं होतं, "व्हर्नर, या वयात पदवी घेऊन करणार काय तू? नांगर जास्त सरळ चालवणार?" मी तिला सांगितलं की मी निवृत्त झालोय, नांगर आता दुसरा माणूस चालवतो. ती म्हणाली, "तेच म्हणते मी, तो वाकडाच चालवतो."

ज्यांना ही पदवी ठाऊक नाही त्यांच्यासाठी दोन वाक्यं. इतर मुलं एक विषय निवडतात आणि त्या विभागानं आखून दिलेल्या वाटेनं जातात. आमच्याकडे विद्यार्थ्यानं तीन विषय निवडायचे, चार वर्षांचा आराखडा स्वतः आखायचा, आणि एका पानात लिहून द्यायचं की हेच तीन विषय का. ते पान समितीला पटलं तरच आराखडा मंजूर होतो. गेली सत्तावीस वर्षं ही पानं बाईंच्या टेबलावरून पुढे गेली आहेत. डॉ. हॅलोरन मघाशी म्हणाल्या की बाईंनी सहाशेच्या वर आराखडे पार पाडले. मॅडम, त्यांनी किती परत पाठवले तो आकडा तुमच्याकडे आहे का? मला वाटतं तो मोठा असेल.

बाईंची पद्धत इथल्या बऱ्याच जणांना माहीत आहे. त्यांच्या खोलीत एक लांब टेबल आहे. प्रत्येक अभ्यासक्रमाचं एक कार्ड. आपण आपली कार्डं टेबलावर मांडायची. बाई चष्मा कपाळावर चढवतात, एखादं कार्ड उचलतात आणि विचारतात, "हे कुणाचं?" मी बाहेर बाकावर बसलो असताना एका मुलीनं हवामानशास्त्र, विणकाम आणि फ्रेंच मांडलं होतं. बाईंनी फ्रेंच उचललं. मुलगी म्हणाली, "आईला वाटतं, फ्रेंच असावं." बाई म्हणाल्या, "मग आईला नाव घालायला सांग, मी तिच्यासाठी जागा ठेवते." ती मुलगी आज तिसऱ्या रांगेत आहे आणि हवामान खात्यात नोकरी करते. विणकामाचं काय केलंस ते मला नंतर सांग.

आता मी इथे कसा आलो ते सांगतो. लांबवणार नाही.

माझी पत्नी लॉर्ना शाळेच्या स्वयंपाकघरात काम करायची. पन्नाशीनंतर तिनं इथं नाव घातलं आणि सावकाश, एका वेळी एक-दोन वर्ग असं करत शिकत राहिली. तिचे तीन विषय होते मृदाशास्त्र, आहारशास्त्र आणि फिन्निश भाषा. अडीच वर्षांपूर्वी, ऑक्टोबरमध्ये ती गेली. आजार लहानसा वाटत होता, पण लहान निघाला नाही. त्याबद्दल मी एवढंच बोलणार आहे.

जानेवारीत तिच्या नावानं विद्यापीठाचं पत्र आलं. आराखडा अपूर्ण, 'हेच विषय का' हे पान कोरं, तीस दिवसांत भरून द्यावं. यंत्रानं पाठवलेलं पत्र होतं, त्याला काय माहीत. पण मी ते स्वयंपाकघरात उभ्यानं वाचलं आणि मला प्रश्न पडला. एकतीस वर्षांचा संसार. सकाळी कॉफी कुणी करायची इथपासून सगळं मला माहीत. पण माती, आहार आणि फिन्निश, हेच तीन का, हे मला सांगता येईना. मी तिला कधी विचारलंच नव्हतं. ती वर्गाला जायची, मी "रस्ता निसरडा आहे, हळू जा" म्हणायचो. तेवढंच.

मी विद्यापीठात गेलो ते फाइल बंद करायला. निदान इर्याला मी तसंच सांगितलं होतं. खिशात मात्र एक पान होतं. रात्रंदिवस विचार करून मीच ते लिहिलं होतं. शाळेत स्वयंपाक करायची म्हणून आहार. मागच्या अंगणात बटाटे लावायची म्हणून माती. तिची आजी फिनलंडहून आली म्हणून भाषा. जमिनीतून ताटात, ताटातून ओठांवर, असं काहीतरी मी शेवटी लिहिलं होतं. मला ते बरं वाटलं होतं.

बाईंनी पान वाचलं. म्हणाल्या, "चांगलं लिहिलंय. कुणी लिहिलं?"

"मी."

"ते दिसतंच आहे. लॉर्ना असं लिहिणारी नव्हती."

मी म्हणालो, "बाई, तिचे थोडेच वर्ग राहिलेत. तरुणपणी मी मोजणीचा दोन वर्षांचा अभ्यासक्रम केलाय, त्याची क्रेडिट असतील. तिचा आराखडा माझ्या नावावर करा. मी पुरा करतो."

बाईंनी लॉर्नाची सगळी कार्डं काढली आणि मला म्हणाल्या, "मांडा." मी मांडली, तिच्याच क्रमानं. मग त्यांनी पहिलं कार्ड उचललं. मातीचं रसायनशास्त्र. "हे कुणाचं?"

"लॉर्नाला हवं होतं."

ते बाजूला. आहार आणि शालेय वय. "हे?"

"लॉर्नाचं."

बाजूला. असं करत करत टेबल रिकामं होत गेलं. शेवटी एकच कार्ड राहिलं, नकाशावरून जमीन वाचणं. "हे?"

मी म्हणालो, "हे मात्र मलाही आवडलं असतं."

बाई म्हणाल्या, "मग तुमचा आराखडा एवढाच आहे. एका कार्डाचा. बाकीचा घेऊन या, मग बघू."

मला राग आला. खोटं कशाला सांगू? मी म्हणालो, "मेलेल्या माणसाचं काम पुरं करायला तुम्ही नाही म्हणताय."

त्या म्हणाल्या, "हो, नाहीच म्हणतेय. दार ओढून घ्या, गारठा आत येतो."

दार मी ओढून घेतलं नाही. त्याबद्दल आज, सर्वांसमक्ष, दिलगीर आहे.

दोन महिने मी तिकडे फिरकलो नाही. त्या काळात मी खात्यातल्या मित्रांच्या मदतीला एक-दोनदा नांगरावर गेलो. आपल्याकडे रस्त्यांना जी नावं आहेत, त्यातल्या निम्म्या नावांचा पाटीवर पत्ता नाही. नांगर थांबवला की कुणी म्हातारं माणूस कॉफी घेऊन बाहेर येतं आणि सांगतं, याला आम्ही सात भावांची वाट म्हणायचो, खाण बंद पडल्यावर सहा गेले. मी चौतीस वर्षं ऐकलं, हो हो म्हटलं, कॉफी प्यायलो आणि पुढे गेलो. सांगणारे बहुतेक आता नाहीत. त्या मार्चमध्ये पहिल्यांदा माझ्या मनात आलं की हे कुणीतरी नीट विचारून, नकाशावर मांडून ठेवायला हवं होतं. आणि ते कुणीतरी म्हणजे रोज त्या रस्त्यावर असणारा माणूस.

मी पुन्हा बाईंकडे गेलो. या वेळी माझी कार्डं होती भूगोलाची, स्थानिक इतिहासाची आणि संवादाच्या वर्गांची. बाईंनी संवादाचं कार्ड उचललं. "हे कुणाचं? तुम्ही तर बोलतच नाही."

"म्हणूनच," मी म्हणालो. "मला विचारायला शिकायचंय."

त्यांनी ते कार्ड जागच्या जागी ठेवलं. बाजूला काढलं नाही, एवढं मला आठवतं.

पुढचं सोपं होतं असं कुणी समजू नये. भाषणकलेच्या वर्गात तीन मिनिटं बोलायचं होतं, माझं चाळीस सेकंदांत संपलं. शिक्षक म्हणाले, "मिस्टर कांगास, उरलेल्या वेळाचं काय करायचं?" मी म्हणालो, "कुणाला लवकर जायचं असेल." वर्गात टाळ्या पडल्या, पण श्रेणी मिळाली ती खालचीच. मग वरच्या वर्षांची क्रेडिट तीननं कमी भरली, कारण माझा जुना मोजणीचा वर्ग मधल्या काळात खालच्या वर्षात ढकलला गेला होता. बाई कपाटावर चढल्या. मी खुर्ची धरून उभा. त्यांनी चाळीस वर्षांपूर्वीचं अभ्यासक्रमाचं पुस्तक खाली काढलं, धूळ माझ्या अंगावर झटकली आणि म्हणाल्या, "ज्या साली शिकलात, त्या सालचा नियम." तीन क्रेडिट परत आली. अशा किती जणांसाठी त्या त्या कपाटावर चढल्या असतील? ते कपाट आता नवीन माणसाच्या हाती जाणार. डॉ. हॅलोरन, माझी विनंती आहे की ती पुस्तकं टाकू नयेत. आणि एक शिडी घ्यावी.

या फेब्रुवारीत माझं पान समितीपुढे गेलं. प्राध्यापक रीड समितीत होते. पानात एका ओळीत मी लॉर्नाच्या आराखड्याचा उल्लेख केला होता. रीड सरांनी विचारलं, "त्यांचे तीन विषय का होते, ते तुम्हाला कळलं का?"

मी म्हणालो, "नाही सर. विचारायचं राहिलं. आता दुसऱ्यांच्या बाबतीत राहू नये म्हणून हा आराखडा आहे."

समितीतल्या तिघांनी सह्या केल्या.

मी बाहेर आलो तर बाई दारात उभ्या. म्हणाल्या, "व्हर्नर, आत या. बसा. आता सांगायला हरकत नाही."

"काय?"

"लॉर्नाचं. मी तिला तीनदा विचारलं होतं. तिन्ही वेळा तिनं एकच उत्तर दिलं. ते कागदावर घालण्यासारखं नव्हतं, म्हणून पान कोरं राहिलं."

मी विचारलं, "काय उत्तर?"

बाई म्हणाल्या, "ती म्हणाली, 'मंगळवार आणि गुरुवार, संध्याकाळी पाच ते नऊ. त्या दोन दिवशी व्हर्नर कर्लिंगच्या क्लबात असतो, बर्फावर दगड सरकवतो आणि तिथेच जेवतो. बाकीच्या दिवशी मी घरी नसले तर हा माणूस डब्यातले मासे उभ्या उभ्या खातो आणि जेवलो म्हणून सांगतो. तेव्हा बाई, या दोन संध्याकाळी तुमच्याकडे जे काही शिकवतात ते मला द्या.' आम्ही त्या संध्याकाळी माती शिकवत होतो, आहार शिकवत होतो आणि फिन्निश शिकवत होतो. मी म्हटलं, लॉर्ना, हे कारण समितीपुढे चालणार नाही. तर म्हणते, 'मग तुम्हीच एखादं बरंसं शोधा. मला तर तिन्ही आवडायला लागलेत.'"

मी हसलो. चांगलाच मोठ्यानं हसलो असणार, कारण कार्यालयातल्या दोघीजणी दारातून डोकावल्या. त्या दोघी इथे आहेत, विचारा त्यांना. हसून झाल्यावर मी रुमाल शोधू लागलो. बाईंनी खिडकीबाहेर बघायचं काम काढलं.

मग मी विचारलं, "हे पहिल्याच दिवशी का नाही सांगितलंत? मी त्या पानासाठी किती झुरलो."

बाई म्हणाल्या, "त्या दिवशी तुम्ही तिचा आराखडा मागायला आला होतात. तो तर तुमच्या जेवणाच्या वेळा सांभाळून आखलेला. तो तुम्हाला दिला असता तर तुम्ही तो घेऊन घरी गेला असतात आणि तिथेच बसून राहिला असतात."

मंडळी, यात काही चूक आहे असं मला वाटत नाही. मी बसूनच राहिलो असतो. मी स्वतःला ओळखतो.

बाई, तुम्ही सहाशे जणांना आराखडा दिलात म्हणून आज तुमचे आभार मानले जात आहेत. मी मात्र तुम्ही मला जो दिला नाहीत त्याबद्दल, आणि दोन वर्षं जे सांगितलं नाहीत त्याबद्दल तुमचे आभार मानतो. पुढच्या वर्षी मे महिन्यात माझा अभ्यास पुरा होईल, पदवीदान होईल. तेव्हा तुम्ही निवृत्त असाल, पाहुण्यांच्या खुर्च्यांत बसाल. घरच्यांसाठी मला दोन जागा मिळतात. एक इर्याची आहे. दुसरी तुमची, नाही म्हणू नका.

मला बोलायची संधी दिल्याबद्दल अध्यक्ष महोदया आणि संयोजक यांचा मी आभारी आहे. बोलण्यात कुणाचा मान राहून गेला असेल, काही कमी-जास्त झालं असेल, तर सांभाळून घ्या. मला हे सगळं नवीन आहे. आणि आज मंगळवार आहे, तेव्हा क्लबातल्या मित्रांनो, माझ्यासाठी थांबू नका. आज मी इथेच, या सगळ्यांबरोबर, बसून जेवणार आहे.