दोन्ही इंजिनं ठणठणीत

...आणि वर मलाच म्हणतात, "व्यंकटराव, दोन्ही इंजिनं ठणठणीत आहेत!" अहो, ठणठणीत आहेत तर बोट डावीकडे काहून पळते? तुम्ही सांगा! धरणाच्या ह्या काठावरून निघायचं, समोरच्या गावच्या चिंचेला बोटीचं नाक लावायचं आणि सरळ जायचं, अकरा वर्षं हेच करतोय मी... आणि आता चिंचेला नाक लावलं की पोचतो कुठे? मसणवट्यावर! रोज! परवा कळमनुरीच्या बाजाराहून परतणारे एक म्हातारबा म्हणाले, "भाऊ, तिकडं यायचंच हाय, पर येवढी घाई न्हाई मला."

हसा. तुमचं काय जातंय हसायला.

तुम्हाला प्रश्न पडला असेल, हिंगोली जिल्ह्यात दोन इंजिनांची बोट आली कुठून? कोकणातून आली, सेकंडहँड, ट्रेलरवर आडवी बसून. वाटेत वसमतला ट्रेलर थांबला तर हळदीचा सौदा टाकून लोक बघायला आले. बोटीच्या पोटात, फळ्यांखाली, दोन डिझेल इंजिनं, डावं आणि उजवं, जुळी भावंडं. मी म्हणालो होतो, एकाचीच घेऊ, दोन कशाला? साधना म्हणाली... साधना म्हणजे माझी बायको... ती म्हणाली, "मधी पाण्यात एक बंद पडलं तर दुसरं घरी आणतं. दोन पायजेत." घेतली दोन. सुकाणू माझ्याकडे, तिकिटं फाडायची ती. ह्या आषाढात ती गेली. चार दिवसांचा ताप... असो. मी बोटीचं सांगत होतो.

तर दसरा झाला आणि बोट डावीकडे ओढायला लागली, सुकाणू कितीही उजवीकडे दाबा! समोरचे काटे बघितले तर उजवं इंजिन मिनिटाला चोवीसशे फेरे घेतंय आणि डावं एकोणीसशेला बसून राहिलंय. धूर नाही, तापत नाही, आवाज छान, नुसतं कमी! आजारी माणसाला काही दुखतं तरी, ह्याला काहीच दुखत नाही!

सेनगावहून जळबा आला. जळबा ट्रॅक्टरचा डॉक्टर. त्याने पहिल्याच दिवशी सांगितलं, "काटा खोटं बोलून राहिला." काट्यांची अदलाबदल केली. डावं तरीही एकोणीसशेच. मग म्हणाला, "डिझेलमधी कचरा." डावीकडची जाळी उजवीकडे, उजवीकडची डावीकडे. डावंच कमी. "नोझल!" डिझेल फवारणारे नोझल इकडचे तिकडे. डावंच. मग बोट काठावर ओढली, बारा माणसं आणि एक ट्रॅक्टर लावून, पंख्यात शेवाळ अडकलंय का बघायला. पंखा आरशासारखा, जळबाने त्यात मिशी बघून घेतली. शेवटी हात पुसत काय म्हणाला? "दोन्ही इंजिनं ठणठणीत हायती. तुमी असं करा, उजवं जरा कमीच चालवा, म्हंजे जोडी बराबर व्हईल."

बघा उपाय! धड आहे त्यालाही कमी करायचं! केलं तेही. बोट सरळ गेली, पण अशी गेली की काठावरची म्हैस आमच्याबरोबर पाण्यात उतरली आणि आमच्या आधी पलीकडे पोचली. मधे वारा सुटला तर पुढे जाण्याऐवजी मागेच.

आशाबाईंचं वेगळंच. आशाबाई माझी भावजय, मोठ्या भावाची बायको. "खंडेनवमीला इंजिनाची पूजा न्हाई केली न्हवं? रुसलं त्ये."

मी म्हणालो, "वहिनी, तुम्हीच सांगितलं ना, घरात वर्ष आहे, सण करायचा नाही, पूजा करायची नाही?"

"व्हय, न्हाईच करायची."

"मग?"

"मग काय! आपलं आपल्या जागी, रुसणाऱ्याचं त्याच्या जागी."

आता हे इंजिनाला जाऊन कोण सांगणार? तुम्ही सांगाल?

तेवढ्यात तपासणीचे साहेब आले. एक फेरी बसले, मसणवट्यावर उतरले, बूट झटकले. म्हणाले, "शुक्रवारी परत येतो. चिंचेपर्यंत सरळ गेली तर फेरी चालू, नाहीतर बंद. ह्यात माणसं बसतात, शेळ्या नाहीत." शेळ्याही बसतात, पण हे तुम्हाला सांगतोय, साहेबांना नाही. फेरी बंद झाली तर पलीकडच्या गावाला जीपने अर्धा दिवस फिरून यावं लागेल. आणि मी? मी कुठे जाऊ, तुम्हीच सांगा? घरी बसू? घरात दोन कप आहेत चहाचे, मी रोज दोन्ही विसळतो.

...असो.

बुधवारी जमील मिस्त्री आला, कळमनुरीहून. त्याने पान्हा काढलाच नाही. नुसता खाली इंजिनाजवळ जाऊन उकिडवा बसला आणि म्हणाला, "व्यंकटराव, दोनो हँडल पूरे आगे करो." केले. "हो गए पूरे?" पूर्ण झाले. "नई हुए." अहो जमीलभाई, टेकले की! "तुमच्याकडं टेकले. इकडं या अन् बघा."

खाली गेलो. वेग वाढवायच्या प्रत्येक हँडलपासून एक तार इंजिनाच्या डिझेल पंपापर्यंत येते; पंपाची दांडी जितकी ओढली तितकं डिझेल. उजवीकडची तार पंपाची दांडी पार शेवटपर्यंत ओढत होती आणि डावीकडची बोटभर आधीच थांबत होती. म्हणजे मी वर पूर्ण देत होतो आणि खाली पोचतच नव्हतं! दोन महिने! आम्ही सगळे इंजिनाला विचारत बसलो, तारेला कुणी विचारलंच नाही. तार एका नळीतून येते, ती नळी जिथे पट्टीने धरून ठेवायची ती पट्टी तुटलेली, ओढली की तार नळीसकट सरकायची.

जमील म्हणाला, "पट्टी तर पुरानी टुटेली है. गंज बघा, धा-बारा वर्साचा. मग इतकी वर्सं चाललं कसं? इथं कायतरी बांधेलं होतं. कुठं गेलं ते?"

आता काय सांगू तुम्हाला...

दरवर्षी खंडेनवमीला साधना खाली उतरायची. हळद, कुंकू, आणि दोन्ही इंजिनांना तारेच्या त्याच जागी लाल नाडा. आधीच्या वर्षाचा सोडायची नाही. "काढला की उघडं उघडं दिसतंय," म्हणायची. अकरा वर्षांचे अकरा वेढे, तेल पिऊन दगडासारखे. ह्या वर्षी पूजा नाही म्हणून मी नुसता पुसायला उतरलो आणि ते काळे पडलेले गोळे दिसले... बघवेना मला. चाकू घेतला आणि कापले. दोन्ही. उजवीकडची पट्टी शाबूत होती, तिला फरक पडला नाही.

डबीत ठेवले होते. डबी खिशातच होती. जमीलच्या हातात दिली.

त्याने डावीकडचा गोळा त्या तुटक्या पट्टीवर धरला. तारेची खाच त्याच्या आतून पडलेली, बरोबर बसला. जमीलने फिरवून फिरवून बघितला आणि म्हणाला, "पक्का मिस्त्री होता कोन तो. कुठला?"

मी म्हणालो, "मिस्त्री नाही. घरातलं माणूस."

आणि एक सांगायचं राहिलं. बोट नवीन आली तेव्हाही डावीकडे ओढायची. पहिल्या दसऱ्याच्या दिवशी मी सुकाणूचा एक नट आवळला आणि दुसऱ्या दिवसापासून बोट सरळ! अकरा वर्षं मी अख्ख्या तालुक्याला तो नट दाखवला. ती शेजारी बसून तिकिटं फाडायची आणि म्हणायची, "व्हय, ह्यांनीच केलं."

तिला माहीत होतं का? आता कुणाला विचारू?

जमीलने नवीन पट्टी बसवली. मग माझ्याकडे बघितलं, म्हणाला, "वर्ष तुमच्या घरात है. माझ्या घरात न्हाई." आणि फडक्याची चिंधी फाडून तो गोळा पट्टीच्या वर घट्ट बांधून टाकला. मी वर गेलो, पाणी बघत उभा राहिलो. धरणात पाणी पुष्कळ आहे यंदा.

गुरुवारी फेरी बंद ठेवली, शुक्रवारी साहेब आले. हँडल पुढे. दोन्ही काटे चोवीसशे! चिंचेला नाक लावलं... आणि बोट निघाली उजवीकडे! साहेब माझ्याकडे बघतायत, मी काट्यांकडे, मुद्दाम आलेला जमील मागून ओरडतोय, "हात! व्यंकटराव, हात सोडा!"

दोन महिने डावी ओढ सांभाळायला सुकाणू उजवीकडे दाबून धरलं होतं हो, हातांना काय कळतंय आता गरज नाही म्हणून! सोडले हात. बोट आपली आपण वळली आणि सरळ जाऊन चिंचेखाली लागली.

साहेबांनी तिथेच कागदावर सही केली. फेरी चालू. खाली शेरा मारलाय, हा बघा, वाचून दाखवतो... "दोन्ही इंजिने ठणठणीत. चालकाकडे लक्ष देण्याची गरज आहे."

आता हा कागद मी घरी नेऊन दाखवू कुणाला?