वाळूची पिंड

तुम्हीच सांगा, राग येईल की नाही? शनिवार-रविवारच्या लोणावळ्याच्या गर्दीला कंटाळून ह्यांनी मला कोकणात, एका आडबाजूच्या समुद्रकिनाऱ्यावर नेलं. तिथं चिटपाखरू नव्हतं.

लेकीच्या घरी पाळणा हलावा म्हणून माझे सोळा सोमवार चालू होते, नि तो दिवस नेमका सोमवारचा. ओल्या वाळूची पिंड केली, घरून नेलेला बेल वाहिला, आरती सुरू केली. तोच कॅमेरा घेतलेले एक गृहस्थ ओरडले, “मावशी, तो ढिगारा मोडा नि बाजूला व्हा! मला निर्मनुष्य किनारा दाखवायचाय.”

ढिगारा? माझ्या महादेवाला?

“अहो दादा, निर्मनुष्यच हवा, तर आधी तुम्ही निघा!” असं म्हणून मी आरती पहिल्यापासून म्हटली.

प्रसादाचा चुरमा त्यांनाही दिला. पण आधी चपला काढायला लावल्या.